लग्नाचा फोटोग्राफर निवडताय? आधी एक अख्खं लग्न बघायला मागा

लग्न ठरलं की जागा, तारीख आणि पाहुण्यांची यादी यांवर घरात तासन्‌तास चर्चा होते. फोटोग्राफरचा विषय मात्र दोनच पद्धतींनी मार्गी लागतो. एक तर कुणाच्या तरी ओळखीचा कुणीतरी असतो, नाहीतर मोबाइल चाळता चाळता एखाद्याचे फोटो डोळ्यांत भरतात आणि दुसऱ्या दिवशी अॅडव्हान्स जातो. दोन्ही पद्धतींनी चांगला माणूस मिळू शकतो, पण तो चांगला आहे हे कळायला मार्ग नसतो. आणि हे काम असं आहे की चुकलं तर पुन्हा करून घेता येत नाही. विधी दुसऱ्यांदा होत नाहीत, पाहुणे परत जमत नाहीत.

लग्नांचे फोटो काढण्याच्या कामात मी बराच काळ आहे. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाचं लग्न ठरलं की ‘जरा चांगला फोटोग्राफर बघून दे’ हा निरोप माझ्याकडे येतोच. त्या वेळी मी ज्या क्रमाने शोधतो, त्याच क्रमाने हे लिहिलं आहे.

पहिली बैठक घरातच

कुणालाही फोन करण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसा. कार्यक्रम किती, कुठे, किती वाजता, आणि त्यांतल्या कशाकशाला कॅमेरा हवा? व्हिडिओ हवा का? छापील अल्बम हवा की नुसत्या फाइल चालतील? जास्तीत जास्त किती खर्च करायचा? हे कागदावर आलं नाही, तर प्रत्येक जण आपापल्या सोयीचं पॅकेज सांगतो आणि तुम्हाला तुलना करायला काही हाताशी राहत नाही.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट करा. वधू, वर आणि दोघांचे आईवडील, प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं: वीस वर्षांनी आपल्याकडे कोणते पाच फोटो असायलाच हवेत? मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचा. बहुतेकांनी माणसं लिहिलेली असतात. लांबून येणारा भाऊ, आधाराशिवाय चालता न येणारे आजोबा, शाळेपासूनची मैत्रीण. मावळत्या सूर्यासमोरची पोझ क्वचितच कुणाच्या चिठ्ठीत सापडते, आणि फोटोग्राफर निवडताना मात्र आपण नेमके तसलेच फोटो बघून भुलतो. या चिठ्ठ्या जपून ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

शैलीबद्दल थोडक्यात. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे प्रत्येक विधी आणि प्रत्येक पाहुणा नीट, कॅमेऱ्याकडे बघून टिपणारा. ‘कँडिड’ म्हणजे कुणाला न थांबवता, न सांगता, घडतंय ते टिपणारा. तिसरी तऱ्हा मासिकातल्यासारख्या पोझ देऊन, प्रकाश लावून काढलेल्या फोटोंची. दोन पिढ्यांचा वाद बहुतेक वेळा इथेच पेटतो. मुलांना कँडिड हवं असतं, आईवडिलांना सगळे नातेवाईक ओळीत उभे हवे असतात. माझ्या मते आईवडिलांचा आग्रह खरा आहे. काही वर्षांनी लोक अल्बममध्ये आधी माणसं शोधतात. तेव्हा दोन्ही मागा, आणि एकाच माणसाकडून एकाच वेळी दोन्ही होत नाही हे धरून चाला. जो स्टेजवर रांग लावतोय, त्याला त्याच मिनिटाला कोपऱ्यात डोळे पुसणारी आई दिसणार नाही. पाहुणे बरेच असतील किंवा वधूवरांची तयारी दोन ठिकाणी होणार असेल, तर दोन फोटोग्राफर लागतात.

तारीख पक्की झाली की लगेच शोध सुरू करा. चांगल्या लोकांच्या गर्दीच्या तारखा सहा महिने ते वर्षभर आधी जातात.

यादी करताना

पाच-सहा नावं पुरेत. पंधरा लोकांचे फोटो बघितले की सगळे सारखेच दिसायला लागतात.

नावं विचारायची ती ज्यांच्या लग्नाला वर्ष उलटून गेलंय अशांना. गेल्या महिन्यात लग्न झालेलं जोडपं अजून त्या दिवसाच्या आनंदात असतं आणि त्यांच्या हाती दहा-वीस फोटोंपलीकडे काही आलेलंही नसतं. वर्ष झालेल्यांना बाकीचं ठाऊक असतं: फोटो सांगितलेल्या तारखेला मिळाले का, अल्बमसाठी किती फोन करावे लागले, पैसे पूर्ण दिल्यावर वागणं बदललं का. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘कोणाचा फोटो राहून गेला?’ या प्रश्नाला लोक फार खरी उत्तरं देतात.

इंटरनेटवर आवडलेल्या नावांबाबत दोन गोष्टी तपासा. पहिली, फोटो त्याचेच आहेत का? गूगल लेन्स किंवा टिनआयवर एखादा फोटो टाकून शोध घेतला की तो आणखी कुठे कुठे आहे ते दिसतं. दुसऱ्याचे फोटो स्वतःच्या नावाने लावणारे लोक या धंद्यात आहेत, आणि या शोधाला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुष्कळ फोटोग्राफर कार्यशाळांना जातात. तिथे मॉडेल वधूवर असतात, सजावट तयार असते, प्रकाश लावलेला असतो आणि दहा-बारा जण आळीपाळीने तेच फोटो काढतात. शिकण्याची ही चांगली पद्धत आहे. मात्र ते फोटो खऱ्या लग्नांच्या फोटोंत मिसळून दाखवले जातात, तेव्हा बघणाऱ्याची फसगत होते. ओळखायची खूण सोपी आहे: फोटोत दोघांशिवाय कुणीच नसतं. पाहुणे नाहीत, मागे खुर्च्या नाहीत, घामेजलेला चेहरा नाही, विस्कटलेला केस नाही. तेच जोडपं दुसऱ्या फोटोग्राफरच्या पानावरही दिसलं, तर शंकाच उरत नाही.

अख्खं लग्न बघणं

आता मुख्य काम. यादीतल्या प्रत्येकाला सांगा, ‘मला एका लग्नाचे, दिलेले सगळे फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचे आहेत.’ शक्यतो अशी दोन लग्नं मागा: एक गेल्या वर्षभरातलं, आणि एक तुमच्यासारख्या जागेतलं. तुमचं लग्न रात्री बंद हॉलमध्ये असेल तर बंद हॉलमधलं, भर दुपारी उघड्यावर असेल तर तसंच.

काही जण म्हणतील की दुसऱ्यांच्या घरचे फोटो असे पाठवता येणार नाहीत. हे योग्यच आहे, उलट असा माणूस तुमचेही फोटो जपेल. मग त्यांच्याकडे जाऊन त्यांच्याच लॅपटॉपवर किंवा छापील अल्बममध्ये बघा. पण कुठल्याच प्रकारे दाखवायची तयारी नसेल, तर नाव यादीतून काढून टाका. इन्स्टाग्रामवरचे वीस फोटो वीस वेगवेगळ्या लग्नांतले असू शकतात. प्रत्येक लग्नात एक चांगला फोटो कुणालाही मिळतो. तुम्हाला मिळणार आहेत त्या एकाच दिवसाचे पाच-सहाशे फोटो, आणि त्यांतला तीनशेदहावा कसा असेल हे फक्त अख्ख्या लग्नावरून समजतं.

बघायचं कसं? सुरुवातीचे सुंदर फोटो सोडून सरळ सगळ्यांत अंधाऱ्या तासाकडे जा. संध्याकाळनंतरचा कार्यक्रम, आतल्या खोलीतला विधी, नाच. तिथला एक फोटो मोठा करा आणि हात बघा. चेहरा स्पष्ट पण हलता हात पुसट दिसतोय? कधी तो परिणाम मुद्दाम साधलेला असतो. पण पानामागून पान हात, मान, पदर पुसटच असेल, तर शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी कॅमेऱ्यातली झडप, फार सावकाश चाललं होतं. चालत्या-बोलत्या माणसांना आत टिपायचं तर शटर साधारण सेकंदाच्या १/१२५ ते १/२०० इतकं तरी जलद लागतं. एवढ्या कमी वेळात पुरेसा प्रकाश आत यायचा तर लेन्सचं तोंड मोठं हवं. हे तोंड एफच्या आकड्याने सांगतात, आणि आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं: एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश आत घेते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचं तोंड झूम केल्यावर सहसा एफ ५.६ च्या आसपास येतं, म्हणून तशी लेन्स घेऊन अंधारात काम करणाऱ्याला एक तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) खूप वाढवावा लागतो, म्हणजे फोटोत दाणे येतात, नाहीतर समोरून थेट फ्लॅश मारावा लागतो. थेट फ्लॅशची खूण म्हणजे पांढरेफटक कपाळ, मागच्या भिंतीवर कडक सावली आणि त्यापलीकडे काळोख. अनुभवी माणूस फ्लॅश छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारून प्रकाश मऊ करून घेतो. छत फार उंच किंवा काळं असेल तर ते जमत नाही, म्हणून तो वेगळा फ्लॅश स्टँडवर लावतो.

तिथून भर दुपारच्या फोटोंकडे जा. डोक्यावर ऊन असताना डोळ्यांखाली खड्ड्यासारख्या सावल्या पडतात. जाणता माणूस लोकांना सावलीत घेतो, पाठ उन्हाकडे करतो, किंवा हलका फ्लॅश देऊन सावली भरून काढतो. सगळे डोळे बारीक करून उभे असतील तर हे कुणाला सुचलेलं नाही.

हॉलमध्ये एलईडी दिवे किंवा मोठा एलईडी पडदा असेल तर फोटोवर आडवे पट्टे आलेत का ते बघा. हे दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी फार वेगाने उघडझाप करत असतात. शटरचा वेग किंवा प्रकार चुकला की ती उघडझाप पट्ट्यांच्या रूपात फोटोत उतरते आणि नंतर ती काढणं कठीण जातं.

मग गटाचे फोटो. इथे मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. वीस जणांच्या फोटोत कडेला उभा असलेला माणूस मधल्या माणसाइतकाच स्पष्ट आहे का? मागच्या रांगेतला चेहरा कुणाच्या डोक्याआड गेलाय का? सगळ्यांचे डोळे उघडे आहेत का? गटाचा फोटो कंटाळवाणा समजून घाईत उरकणारे पुष्कळ आहेत. तुमच्या चिठ्ठ्यांतली निम्मी माणसं याच फोटोंत असणार आहेत.

त्याच लग्नात म्हातारी माणसं आणि लहान मुलं कशी आली आहेत, तेही बघा. मुलांचे फोटो वरून खाली काढले आहेत की फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता? खुर्चीत बसून राहिलेल्या आजी एकदा तरी नीट दिसतात का? देखण्या तरुण पाहुण्यांचे साठ फोटो आणि वडिलांचे चार, असं प्रमाण दिसलं तर तुमच्याकडेही तसंच होणार.

शेवटची तपासणी त्वचेच्या रंगाची, आणि याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेची माणसं ज्या फोटोंत आहेत ते शोधा. ती माणसं आहेत तशी दिसतात का, की उजळ करून राखाडी-गुलाबी केली आहेत? चेहरा गोरा आणि मान-हात वेगळ्याच रंगाचे, हे त्या लबाडीचं उघड लक्षण. गालांवरची त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसणं हे दुसरं. फोटोतली आई आपल्या आईसारखी दिसली पाहिजे. सुरकुत्या पुसून टाकल्यावर उरतो तो चेहरा तिचा नसतो.

हे सगळं बघायला एका लग्नामागे अर्धा तास लागतो. तेवढ्यात पाच-सहा नावांतून दोन-तीन उरतात.

समोरासमोर भेट

पहिला प्रश्न हा: ‘त्या दिवशी कॅमेरा नेमका कुणाच्या हातात असेल?’ मोठ्या स्टुडिओत एकाच तारखेला अनेक ऑर्डर असतात. गोड बोलणारा मालक एक, फोटो दाखवले दुसऱ्याचे आणि लग्नाला येणार तिसराच, असं होऊ शकतं. यात बेकायदा काही नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. जो येणार आहे त्याचं नाव विचारा, त्याने काढलेलं अख्खं लग्न बघा आणि शक्य असेल तर त्यालाच भेटा.

दुसरा प्रश्न फोटो सुरक्षित ठेवण्याचा: ‘मेमरी कार्ड खराब झालं तर?’ लग्नासाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि तशी सेटिंग ठेवली तर प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर लिहिला जातो. एक कार्ड गेलं तरी दुसऱ्यावर सगळं असतं. पण कॅमेरा महाग म्हणजे दोन कार्डं, असं नाही. कॅननचा ईओएस आर आणि निकॉनचे पहिले झेड ६ आणि झेड ७ हे २०१८ मध्ये आलेले चांगले कॅमेरे, पण एकाच कार्डाचे. म्हणून कॅमेऱ्याचं मॉडेल विचारण्यापेक्षा ‘तुम्ही दोन कार्डांवर काढता का?’ असं सरळ विचारा. घरी गेल्यावर काय करता, हेही विचारा. नीट काम करणारा माणूस त्याच रात्री फाइल उतरवून घेतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा फाइल जपण्याचा जुना, खात्रीचा नियम आहे. या प्रश्नावर ज्याचं उत्तर पटकन आणि तपशिलात येतं, तो रोज हेच करतो. ‘आजवर कधी काही झालं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

बाकीचं भराभर विचारून घ्या. जादा कॅमेरा, फ्लॅश, बॅटऱ्या सोबत असतात का? तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल? तुमच्या जागेत आधी काम केलंय का, नसेल तर येऊन बघाल का? प्रार्थनास्थळ असेल आणि तिथे फ्लॅश चालत नसेल तर कसं काढाल? ड्रोन वापरणार असाल तर परवानगी कोण घेणार?

आणि थोडा वेळ नुसत्या गप्पा मारा. हा माणूस लग्नाच्या दिवशी वधूवरांच्या सगळ्यांत जवळ असणार आहे, कित्येकदा सख्ख्या भावाबहिणींपेक्षाही जास्त वेळ. त्याच्यासमोर तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर ते फोटोत दिसतं. तो तुमचं ऐकून घेतो का, की ‘माझ्यावर सोडा’ म्हणून विषय संपवतो? चिठ्ठ्यांतली यादी वाचून दाखवा. ज्याला काम कळतं तो लगेच उलट प्रश्न विचारतो: आजोबा किती वेळ थांबणार आहेत, भाऊ कधी पोहोचणार आहे.

पॅकेज वाचताना

आकडे मोठे दिसले म्हणजे काम मोठं, असं नसतं. ‘पाच हजार फोटो’ या वाक्यात बहुधा निवड न करताच सगळं ओतून देण्याचा बेत असतो. दिवसभराच्या कामात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात. त्यांतून मिटलेले डोळे, एकाच क्षणाचे सात फोटो, हललेले फोटो बाजूला काढून पाच-सातशे निवडणं आणि त्यांचे रंग नीट करणं, हे मोठं काम आहे आणि तुम्ही पैसे त्याचेही देता.

‘रॉ’ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, कच्च्या फाइल, मागाव्यात का? जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा साठवता येतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे रॉमधून अंधारातला चेहरा किंवा उन्हात पांढराफटक पडलेला पदर बराच सावरता येतो. पण ती कच्ची फाइल आहे. तशीच उघडली तर फिकट दिसते आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बरेच फोटोग्राफर ती देत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. फोटो रॉमध्येच काढले जातील एवढं पाहा आणि अंतिम जेपेग पूर्ण आकारात मिळतील हे पक्कं करा. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो म्हणजे पूर्ण आकाराचे फोटो नव्हेत. तिथे साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो.

पूर्ण आकार का हवा, त्याचा हिशेब असा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरतात. १२ बाय १८ इंचाच्या पानभर फोटोला ३,६०० बाय ५,४०० बिंदू लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू). २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला हे आरामात जमतं. ‘व्हिडिओमधूनच फोटो काढून देऊ’ असं कुणी म्हणालं तर हाच हिशेब लावा: फोर के व्हिडिओची एक चौकट सुमारे ८.३ मेगापिक्सेलची असते, फुल एचडीची फक्त २ मेगापिक्सेलची.

अल्बमबाबत ‘शीट’ किती आणि पानं किती, ते स्पष्ट विचारा. एका शीटची दोन पानं होतात, आणि वीस की चाळीस हा गोंधळ नेहमी इथे होतो. कागदाचा नमुना हातात घेऊन बघा. डिझाइन छापायला जाण्याआधी तुम्हाला दाखवणार का आणि किती वेळा बदल करून देणार, हेही ठरवा. व्हिडिओत चार-पाच मिनिटांचा हायलाइट मिळणार की सगळे विधी असलेली पूर्ण फिल्मही, हे लिहून घ्या. घरातली मोठी माणसं पूर्ण फिल्म बघतात.

दोन पॅकेजची तुलना करायची तर एकाच कागदावर दोन रकाने करा: किती तास, किती माणसं, किती फोटो, अल्बमची पानं, व्हिडिओची लांबी, प्रवास-मुक्कामाचा खर्च कुणाचा, जादा तासाचा दर, फोटो मिळण्याची तारीख. स्वस्त वाटलेलं पॅकेज जादा तास आणि प्रवासखर्च धरल्यावर बऱ्याचदा महागच पडतं.

लेखी करार

ओळखीचा असला तरी लिहून घ्या. ओळखीचा असेल तर जास्तच, कारण तिथे नंतर बोलायला जीभ रेटत नाही. दोन पानांचं साधं पत्र चालतं. त्यात तारीख, जागा, वेळ, येणाऱ्या फोटोग्राफरचं नाव, तो येऊ न शकल्यास कोण, काय काय मिळणार आणि कधी, पैशांचे टप्पे, लग्न पुढे ढकललं किंवा रद्द झालं तर अॅडव्हान्सचं काय, एवढं हवं. ‘लवकरात लवकर’ असं लिहून देऊ लागला तर तारीख टाकायला सांगा. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावर. सगळे पैसे आधीच मागणाऱ्यापासून लांब राहा.

फोटोंवर हक्क कुणाचा, हा मुद्दा लोक सोडून देतात. देशादेशांत कायदा वेगळा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने पहिला हक्क फोटोग्राफरकडे जातो, पण खासगी, घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो लोकांसमोर न आणू देण्याचा अधिकार काम सांगणाऱ्याकडे राहतो. कुठेही राहत असलात तरी करारात एक वाक्य असू द्या: आमच्या लेखी परवानगीशिवाय फोटो जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर वापरायचे नाहीत. काही फोटो चालणार असतील तर ते कोणते, हे तुम्ही निवडून द्या. विशेषतः लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना न विचारता कुठेही जाता कामा नयेत. आणि तुम्हाला ते फोटो हवे तितके छापण्याचा, वाटण्याचा अधिकार आहे, हेही लिहून घ्या.

लग्नाआधीचा आठवडा आणि तो दिवस

चिठ्ठ्या पुन्हा बाहेर काढा. त्यांवरून गटाच्या फोटोंची यादी करा: कोणत्या गटात कोण. एका मोठ्या गटाला लोक गोळा करण्यापासून फोटो होईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात, म्हणजे दहा गटांना पाऊण तास. वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा आणि म्हातारी माणसं असलेले गट आधी घ्या.

फोटोग्राफर तुमच्या नातेवाइकांना ओळखत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक माणूस त्याच्यासोबत द्या, ज्याला सगळे चेहरे माहीत आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. ‘ही वधूची मोठी आत्या, हिचा फोटो झाला का?’ असं विचारणारं कुणी बरोबर असेल तर माणसं राहून जात नाहीत. हे काम वधूवरांकडे किंवा आईवडिलांकडे देऊ नका, त्यांना त्या दिवशी उसंत नसते.

तयारीच्या खोलीत मोठी खिडकी असेल तर आरशाची जागा तिच्याजवळ घ्या आणि पिशव्या, खोके दुसऱ्या कोपऱ्यात हलवा. मुख्य विधीच्या वेळी पाहुण्यांनी मोबाइल घेऊन मध्ये येऊ नये, हे कुणीतरी मोठ्याने आधी सांगितलेलं बरं. आणि फोटोग्राफरच्या सगळ्या टीमच्या जेवणाची, दहा मिनिटं बसण्याची सोय नक्की करा. सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाचा हात संध्याकाळी थरथरतो.

फोटो मिळाल्यावर

फाइल आल्या त्याच आठवड्यात सगळ्या उघडून बघा, संख्या मोजा, आकार तपासा आणि काही राहिलं असेल तर लगेच लेखी कळवा. ऑनलाइन गॅलरीची लिंक किती दिवस चालू राहणार ते बघून त्याआधी सगळं उतरवून घ्या. एकाच पेन ड्राइव्हवर विसंबू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक आईवडिलांच्या किंवा भावाबहिणीच्या घरी ठेवा.

अल्बमसाठी फोटो निवडायचं काम लांबणीवर टाकू नका. वर्षभर रेंगाळलेले बहुतेक अल्बम कुटुंबाकडून निवड न आल्यामुळेच अडकलेले असतात. महिन्याभराची मुदत घाला आणि निवडताना चिठ्ठ्यांतला प्रत्येक माणूस एकदा तरी आला आहे ना, ते ताडून बघा. डिझाइन आलं की फोटोंआधी अक्षरं वाचा: नावं, तारीख, जागेचं नाव. घराबाहेरच्या एखाद्या माणसालाही वाचायला द्या, आणि मगच छपाईला हो म्हणा.